आमची वाटचाल: सॅकच्या शिलाईपासून फेदर जॅकेटपर्यंत

आमची सुरुवात सॅक दुरुस्तीची. तुटलेली बकलं, उसवलेले पट्टे, अडकलेल्या चेन. पुण्यात दर रविवारी राजगड-तोरण्याला पळणारी मंडळी पुष्कळ, आणि नवी सॅक घेण्यापेक्षा जुनी शिवून वापरणारी त्याहून जास्त. पावसाळ्याच्या तोंडावर विंडचीटरही शिवून द्यायचो. हिमालयात जाणारं गिऱ्हाईक क्वचितच यायचं. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये ‘गिरिप्रेमी’ या पुण्याच्याच गिर्यारोहण संस्थेची टीम पोचली, आणि हळूहळू दुकानातले प्रश्नच बदलले. ‘निमला (उत्तरकाशीची गिर्यारोहण शिकवणारी संस्था) बेसिक कोर्सचा नंबर लागलाय’, ‘मे महिन्यात फ्रेंडशिप करतोय’, अशी सुरुवात व्हायची आणि पुढचं वाक्य ठरलेलं: ‘दादा, एकच भारी जॅकेट द्या, सगळीकडे चालेल असं.’

असं जॅकेट नसतं. हे समजावून सांगणं हाच पुढे आमचा निम्मा धंदा झाला.

मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक ५,२८९ मीटर. मनाली साधारण दोन हजारांवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी पारा उतरतो, म्हणजे मनालीत रात्री दहा अंश असतील तेव्हा माथ्यावर उणे अकराच्या आसपास. त्यात ताशी तीस किलोमीटरचा वारा लागला की उघड्या कातडीला ते उणे वीससारखं झोंबतं. शिखरासाठी निघायचं मध्यरात्री. पण त्याच दिवशी ऊन वर आलं की बर्फावरून परतलेल्या उन्हात माणूस अक्षरशः भाजून निघतो. त्यातून रात्रीच्या चढावरही अंग तापतंच. भारी जॅकेट घालून निघालेला पहिल्या अर्ध्या तासात घामाने भिजतो आणि दोर बांधायला थांबला की कुडकुडतो. सह्याद्रीत घाम आला तर आला, सुती टी-शर्ट अंगावरच वाळतो. हिमालयात तो वाळत नाही. ओला कपडा अंगातली ऊब खेचत राहतो.

म्हणून अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा इनर, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर वारा-बर्फ अडवणारं शेल आणि सॅकमध्ये सगळ्यात वर, हात घातला की सापडेल असं, पिसं भरलेलं फेदर जॅकेट. फेदर चालताना नाही, थांबल्यावर घालायचं, तेही शेलच्या वरून. शेल काढून आत फेदर घालेपर्यंत वारा सगळी ऊब घेऊन जातो. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पुण्यात उभं राहून कुणाला ते पटत नाही, हा भाग वेगळा.

आमचं खरं शिक्षण झालं ते मापांत. चार चांगले कपडे चार ठिकाणांहून घेतले तरी ते एकमेकांवर बसतीलच असं नाही. आमचे टेलरकाका आता गिऱ्हाइकाला इनरपासून फेदरपर्यंत सगळं चढवायला लावतात, वर हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरपट्टा, आवळतात आणि म्हणतात, ‘हात वर करा.’ हात वर गेले की शेल हार्नेसमधून निसटून कंबर उघडी पडते का, एवढंच बघायचं. निसटलं तर मागची लांबी वाढवायची. हूड हेल्मेटवरून जातं का, खिसे हार्नेसच्या वर आहेत का, मिटन्स, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे जाड हातमोजे, घालून चेन ओढता येते का. या शेवटच्या कामासाठी आम्ही चेनला जाड दोरीचा फास बांधून देतो. काही रुपयांचं काम, पण वरून परत आलेले लोक आवर्जून सांगतात ते त्याबद्दलच. मोज्यांच्या बाबतीत मात्र आम्ही उलट बोलतो: बुटात तीन-तीन जोड कोंबले तर रक्त फिरायला जागा राहत नाही आणि बोटं जास्त लवकर गारठतात.

फ्लीसचं कापड लुधियानाहून येतं, इनरचं तिरुपूरहून. शेल आम्ही शिवत नाही. सुई गेली तिथे भोक, प्रत्येक शिवणीवर गरम हवेने टेप बसवायची तर वेगळं मशीन लागतं, आणि आमच्या खपात ते परवडत नाही. म्हणून शेल तयार आणतो आणि बेतून देतो. तेही टेप लावलेल्या शिवणींना हात न लावता करावं लागत असल्याने कधीकधी नाही म्हणतो.

फेदर जॅकेट भाड्याने देणं सुरू केलं कारण वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूत पोरांनी एवढे पैसे अडकवावेत हे आम्हाला बरोबर वाटेना. यातलं अवघड काम म्हणजे पुण्याचा पावसाळा. पिसं दमट झाली की गोळे होतात, मग फुगत नाहीत, आणि न फुगलेलं फेदर म्हणजे नुसतं नायलॉन. दाबून पिशवीत ठेवायची सोय नाही. जून ते सप्टेंबर सगळी जॅकेटं सैल टांगलेली असतात. धुलाई सौम्य साबणाने, आणि वाळवताना पिसांचे गोळे फुटावेत म्हणून ड्रायरमध्ये टेनिसचे बॉल. मुंबईकर गिऱ्हाइकांची जुनी शेल तपासताना आतलं कोटिंग चिकट होऊन सुटलेलं दिसतं, तेही दमट हवेनेच. अशी शेल घेऊन वर जाऊ नका, टेप लावून ती दुरुस्त होत नाहीत.

सध्या काम चाललंय बायकांच्या मापाच्या पँटवर. बाजारात मिळतात त्या बहुतेक पुरुषांच्या मापावरून लहान केलेल्या, कमरेला सैल आणि मांडीला घट्ट. शिवाय हार्नेस न सोडता लघवीला जाता यावं म्हणून मागे चेन हवी, ती कुठून कुठपर्यंत, यावर आमच्याकडे येणाऱ्या मुलींनीच टेलरकाकांना नमुने काढून दिले. सुरुवातीला काका लाजले, आता तेच बारकावे विचारतात.

मे-जूनच्या बॅचसाठी फेदरचं बुकिंग मार्चमध्ये घेतो. येताना बूट, हार्नेस आणि हेल्मेट बरोबर आणा. मापाला तास-दीड तास लागतो, आणि गर्दीमुळे शनिवारी संध्याकाळी ते होत नाही.