हूडने एकही तोफ डागली नाही

शेवटी मॉडेल जहाजांच्या वॉरगेममध्ये चेसापीकची लढाई टेबलावर उतरवली. ट्रफाल्गर करूया म्हणून सगळे मागे लागले होते, पण ट्रफाल्गरमध्ये कोण जिंकलं ते सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथे हरलेला फ्रेंच ॲडमिरल विलनव्ह झालेला माणूस पहिल्या टर्नपासूनच तोंड पाडून बसतो.

चेसापीक म्हणजे 5 सप्टेंबर 1781, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला अडकलेला, त्याला सोडवायला इंग्रज ॲडमिरल ग्रेव्हज 19 जहाजं घेऊन चेसापीक उपसागराच्या तोंडाशी आला तर आत द ग्रासची 24 फ्रेंच जहाजं नांगर टाकून बसलेली. किनाऱ्यावर गेलेल्या शेकडो लोकांना तिथेच ठेवून, ओहोटी लागल्यावर नांगराचे दोर सोडून ती घाईघाईत, विस्कळीत अशी बाहेर पडली. वारा ईशान्येचा, म्हणजे इंग्रजांच्या बाजूचा. एवढं आयतं मिळूनही ग्रेव्हज हरला. लढाईत एकही जहाज बुडालं नाही, तरी युद्धाचा निकाल इथेच लागला असं म्हणतात, आणि कारण काय तर सिग्नलचा घोळ! ओळ धरायचा, म्हणजे एकामागे एक रांगेत राहायचा, झेंडा वर होता आणि जवळ जाऊन भिडायचाही. मागच्या तुकडीचा हूड म्हणाला, ओळीचा झेंडा वर आहे तोवर मी ओळ सोडणार नाही. त्याची जहाजं जवळजवळ लढलीच नाहीत.

आता हे टेबलावर कसं आणायचं? प्रॉब्लेम असा की टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला सगळं दिसतं, कोणीतरी "अरे तू डावीकडे घे ना" म्हणतं आणि दोनशे वर्षांपूर्वीचा सगळा धूर, गोंधळ एका सेकंदात संपतो. म्हणून मी बोलायलाच बंदी घातली. ॲडमिरलने फक्त सिग्नलचं कार्ड ठेवायचं, ते पुढच्या टर्नला पोचणार, आणि आपण होऊन काढलं नाही तर तसंच वर राहणार. बाकी नियम साधेच, मूव्ह आधी कागदावर लिहायची, मग सगळ्यांनी एकदम हलवायची. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर साधारण 67 अंशांच्या आत जाऊ शकत नाही, त्यासाठी पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून ठेवला होता. नवीन लोक तोफा मोजत बसतात पण खरा खेळ त्या त्रिकोणातच आहे.

मॉडेल 1:1200 ची, एकेक जेमतेम पाच सेंटीमीटर. दोन जहाजांचं एक असा हिशोब धरून 10 विरुद्ध 12 मांडली. सगळ्यांची दोरखंडं काळ्या दोऱ्याची, ओवायला मला किती रात्री लागल्या ते विचारू नका. आणि तिसऱ्याच टर्नला अंतर मोजायची टेप लावताना माझ्याच बाहीचं बटण एका डोलकाठीत अडकलं, तीन जहाजं सरळ ओढली गेली आणि कोण कुठे होतं यावर दहा मिनिटं वाद! तेव्हापासून दर टर्नला मोबाइलवर वरून फोटो काढतो.

तर झालं असं, ग्रेव्हज झालेल्या मित्राने दुसऱ्या टर्नला "ओळ धरा" ठेवलं, पाचव्याला "जवळ जाऊन भिडा" ठेवलं आणि पहिलं कार्ड काढायला विसरला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, शपथ. इंग्रजांची ओळ तिरकी उतरत होती, पुढची जहाजं भिडली, मागची कुठेतरी लांब. फ्रेंचांनी नेहमीसारखं शिडांवर नेम धरला, फासेही त्यांच्यावरच खुश, आठव्या टर्नपर्यंत पुढच्या तीन इंग्रज जहाजांच्या डोलकाठ्या गेल्या. मी काड्यापेटीतल्या काड्या मोडून त्यांच्या बाजूला ठेवत होतो. आणि हूड? दोन्ही कार्डांकडे बघत, हाताची घडी घालून, ओळीत. बोलायची बंदी असल्यामुळे नुसते डोळे वटारत होता. दहाव्या टर्नला ग्रेव्हजच्या लक्षात आलं, कार्ड निघालं, ते पोचायला आणखी एक टर्न, मग वळायला एक, आणि तेराव्याला माझ्या नियमाप्रमाणे सूर्यास्त.

माझी चूकही कबूल करतो. एका माणसाला तीन तास फासा न टाकता बसवणं हे रेफरी म्हणून वाईटच, इतिहास कितीही बरोबर आला तरी. पुढच्या वेळी मागच्या तुकडीला सुरुवातीलाच थोडं जवळ ठेवणार, किंवा एक टर्न स्वतःच्या अकलेने वागायची परवानगी देणार, त्यासाठी फासा टाकावा लागेल.

रात्री साडेअकराला हूड झालेल्या मित्राचा मेसेज आला, मोबाइलची दोन स्क्रीन भरतील एवढा. ग्रेव्हजने काय काय करायला हवं होतं, फ्रेंच विस्कळीत होते तेव्हाच तुटून पडायला हवं होतं, वगैरे. खऱ्या हूडनेही दुसऱ्याच दिवशी बसून अगदी असंच लांबलचक लिहून काढलं होतं, ते मी त्याला पाठवलं. त्यावर उत्तर एवढंच आलं, "पुढच्या वेळी ग्रेव्हज मी."