‘मान्य नाही’चं बटण

माणसं, तंत्रज्ञान आणि संस्था यांचे एकमेकांवर काय परिणाम होतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यातही एका प्रश्नानं मला धरून ठेवलंय: कॉम्प्युटर चुकलाय, असं म्हणायचा अधिकार कोणाला असतो?

ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. होरायझन ही फुजित्सू या जपानी कंपनीची हिशेबाची कॉम्प्युटर यंत्रणा. ती १९९९ पासून शाखाशाखांत बसवली गेली आणि अनेक सबपोस्टमास्तरांच्या, म्हणजे करारावर शाखा चालवणाऱ्यांच्या, हिशेबात तूट दिसू लागली. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते, हे २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानंही मान्य केलं. पण दोष कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नसतात? मला अस्वस्थ करते ती एक स्क्रीन. हिशेब बंद करताना तूट निघाली, की पर्याय समोर यायचे: रोख भरा, चेकनं भरा, नाहीतर रक्कम मध्यवर्ती खात्यात वळवा. ‘ही तूट मला मान्य नाही’ असं म्हणायला बटणच नव्हतं. आणि हिशेब बंद केल्याशिवाय पुढचा कालावधी सुरू होत नसे. हेल्पलाइनला फोन लावला तर अनेकांना उत्तर मिळालं, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

पुढचं काम करारानं आणि कायद्यानं केलं. पोस्ट ऑफिस कराराचा अर्थ लावायचं तो असा, की तुटीची भरपाई सबपोस्टमास्तरांच्या माथी. शिवाय पूर्वी इंग्लंडमध्ये कॉम्प्युटरची नोंद पुरावा म्हणून आणायची, तर तो नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. १९८४ च्या कायद्यातलं ते कलम १९९९ च्या एका कायद्यानं रद्द करण्यात आलं. यंत्र बरोबरच असणार, हे गृहीत धरलं जाऊ लागलं. चोरी, फसवणूक, खोटे हिशेब अशा आरोपांखाली नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. संसदेला २०२४ मध्ये खास कायदा करून त्यातल्या अनेक शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इतकी वर्षं गेली, आणि काही जण तर तोवर हयातही नव्हते.

याच्या अगदी उलट चित्र मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांच्या अभ्यासात दिसतं. १९८० च्या दशकात ते झेरॉक्सच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. कंपनीच्या पुस्तिकेत एरर कोड आणि त्यावरचा उपाय लिहिलेला असे. पण अवघड बिघाड सुटत ते तंत्रज्ञांनी एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून. मशीन एक सांगतंय आणि बिघाड भलताच आहे, हे उघडपणे बोलायची त्यांना मोकळीक होती.

म्हणून कुठल्याही कार्यालयात गेले, की मी आधी कॉम्प्युटरशेजारची वही शोधते. ती बहुतेक ठिकाणी असतेच. जन्मतारीख ठाऊक नसेल तर फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून १ जानेवारी टाकायची आणि वहीत लिहून ठेवायचं, ‘तारीख अंदाजे’. खरी माहिती वहीत राहते, वर जाते ती १ जानेवारी. वही ठेवणाऱ्यांना वरचे लोक कामचुकार म्हणतात तेव्हा मला मनापासून राग येतो. संस्थेचं अज्ञान तेवढ्या प्रामाणिकपणे दुसरं कोणीच नोंदवत नाही.

सध्या मी तक्रारींचा माग काढतेय. तक्रार नोंदवली की ती कोणाच्या टेबलावर उघडते? त्या माणसाला मूळ नोंद बदलता येते का, की तोही तीच स्क्रीन बघून उत्तर लिहितो?