चौदावं व्हायोलिन

पहिल्या व्हायोलिनांमध्ये आम्ही १४ जण. दोघांत एक स्टँड, म्हणजे सात डेस्क, आणि मी सातव्यावर, आतल्या बाजूला. आतल्या बाजूच्या माणसाकडे पानं उलटायचं काम असतं. संगीत ऐन भरात आलेलं असतं, तेवढ्यात आपण बो (व्हायोलिनचा गज) खाली घ्यायचा, पान उलटायचं आणि बाकीचे कुठे पोचलेत ते बघून गुपचूप परत घुसायचं. अकरा वर्षं हेच चाललंय. कुणी विचारलं तर मी 'ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतो' एवढंच सांगतो, पानांचं काढत नाही.

त्या संध्याकाळी बेथोव्हेनचा डी मेजर व्हायोलिन कॉन्चेर्टो होता, १८०६ सालचा. त्याची सुरुवात मजेशीर आहे. टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, हलके ठोके पडतात, ऑर्केस्ट्रा सुरू होतो आणि पुढची जवळजवळ तीन मिनिटं एकल वादक नुसता उभा. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि वाजवायला काही नाही. आम्ही मागे सतरंज्या अंथरतोय आणि ज्याची सभा तो बाजूला उभा राहून बघतोय, असं ते दृश्य असतं. त्या तीन मिनिटांत मला दर वेळी त्या माणसाची दया येते. मग तो वाजवायला लागतो, आणि दया जाऊन तिथे दुसरंच काहीतरी येतं. हेवाच म्हणा.

त्या दिवशीचे पाहुणे मोठे वादक होते. नाव सांगत नाही. सकाळच्या तालमीत त्यांनी माझ्या दिशेला एकदाही पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं काही कारणही नव्हतं.

पहिली मूव्हमेंट, म्हणजे तीनपैकी पहिला भाग, साधारण निम्म्यावर आली असेल. त्यांची तार तुटली. मला ती ऐकू आली नाही, दिसली.

ऐकू न यायला कारण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. आमचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या डेस्कवरचे मुख्य व्हायोलिनवादक, माझ्यापासून आठ-नऊ मीटरवर बसतात, म्हणजे त्यांचा सूर माझ्यापर्यंत यायला २५ मिलिसेकंद लागतात. पलीकडच्या टोकाचे डबल बास १८ मीटरवर, तिथून ५० च्या वर. तो सूर ऐकून मग मी वाजवला, तर माझा सूर पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर. मी नवीन असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या जुन्या वादकाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "कानावर विसंबलास तर जन्मभर मागे राहशील. डोळ्यांनी वाजव." तेव्हापासून माझी नजर कॉन्सर्टमास्टरांच्या बोच्या टोकावर असते. त्यांचा बो सुटला की माझा सुटतो. ऐकायचं नाही असं नाही, पण ऐकलेल्यावर भरवसा ठेवायचा नाही. संगीताच्या धंद्यात हे विचित्र वाटेल, पण मागच्या डेस्कांवर असंच आहे.

तर मला दिसलं ते असं, की कॉन्सर्टमास्टरांचा बो मध्येच थांबला. त्यांचं व्हायोलिन पुढे गेलं, पाहुण्यांचं त्यांच्याकडे आलं. त्यांनी शेजारच्या बाईंचं घेतलं आणि वाजवायला लागले. बाईंच्या हातात आता तुटक्या तारेचं व्हायोलिन. ते त्यांनी मागे दिलं, त्यांच्या मागच्याने आणखी मागे. डेस्कामागून डेस्क ओलांडत ते माझ्यापर्यंत आलं, आणि माझं उलट्या वाटेने पुढे निघालं. अकरा वर्षांत माझं व्हायोलिन पहिल्यांदाच पहिल्या डेस्कवर पोचलं. माझ्याशिवाय.

हा सगळा उपद्व्याप आठ-दहा मात्रांत झाला. आमच्यातलं कुणीतरी एक क्षण थांबत होतं, बाकीचे वाजवत होते, त्यामुळे श्रोत्यांना भोक दिसलं नाही. हा नियम जुना आहे. एकल वादकाला थांबू द्यायचं नाही, हातातलं काढून द्यायचं. याचा गाजलेला किस्सा जुलै १९८६ चा. अमेरिकेत टँगलवूडच्या संगीत महोत्सवात लेनर्ड बर्नस्टाइन स्वतःचीच रचना कंडक्ट करत होते आणि १४ वर्षांची मिदोरी एकल वाजवत होती. तिची ई तार तुटली. तिने कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतलं, तर त्याचीही ई तुटली. मग तिने तिसरं घेतलं आणि रचना पुरी केली. बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. मुलीचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. मला मात्र तो किस्सा ऐकताना नेहमी वाटतं, ती दोन तुटकी व्हायोलिनं मांडीवर घेऊन मागे कोण बसलं होतं?

सहसा तुटते ती ईच. सगळ्यात बारीक, सगळ्यात ताणलेली. आमची मात्र ए गेली होती, आणि त्यात अडचण होती. ई पोलादाची असते, चढवली की लवकर बसते, शिवाय तिला टेलपीसवर (तारांची खालची टोकं अडकतात त्या पट्टीवर) बारीक स्क्रू असतो. ए तारेचा गाभा कृत्रिम धाग्याचा. नवी चढवली की एक-दोन दिवस उतरतच राहते, आणि सुरात आणायची म्हणजे खुंटीच पिळावी लागते.

मी शेजारणीला खुणेने पानं सोपवली आणि वाकून मंचामागे गेलो.

पाहुण्यांच्या खोलीला कुलूप होतं. जादा तारा त्यांच्या पेटीत असणार, पेटी आत. किल्ली कुणाकडे ते शोधण्यात दोन मिनिटं घालवण्यापेक्षा मी आमच्या खोलीत शिरलो आणि माझ्या पेटीतून माझी ए तार काढली.

दिव्याखाली ते व्हायोलिन पहिल्यांदा नीट पाहिलं. वजनाला माझ्याहून हलकं वाटलं. उजव्या खांद्यावरचं वॉर्निश हाताने झिजून खालचं लाकूड दिसत होतं. नजर खिळली ती रोझिनच्या, म्हणजे बोच्या केसांना लावतात त्या राळेच्या, भुकटीवर. बो जिथे फिरतो तिथे तारांखाली पांढरी रेघ साठते. त्यांची रेघ घोडीला जवळजवळ चिकटून होती. तिथे बो चालवायचा तर हातात दाब लागतो आणि छातीत हिंमत, कारण तिथला सूर हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो, चुकला तरी. माझी रेघ फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीच्या, काठाशी असते. तिथे सूर मऊ येतो, बाकीच्यांत मिसळतो. गटात वाजवणाऱ्याला तीच जागा बरी.

तुटलेली तार खुंटीपाशी गुंडाळी होऊन लोंबत होती, वरचं धातूचं वेष्टण सुटलेलं. ती काढली. नवीचं टोक खुंटीच्या भोकात घातलं, दोन वेढे दिले, खालचा मणी टेलपीसच्या खाचेत अडकवला, तार घोडीवर बसवली आणि हळूहळू पिळायला लागलो. तार ताणली की घोडी पुढे झुकते. दोन्ही हातांच्या बोटांनी तिला चिमटीत धरून मागे सरळ केली. हे मी माझ्या व्हायोलिनवर शेकडो वेळा केलंय. त्या दिवशी बोटांना घाम होता.

मग प्रश्न सुराचा. आम्हाला ए सूर देतो तो ओबो, हे फुंकवाद्य, आणि ओबो मंचावर वाजत होता. भिंतीवर मंचाचा आवाज देणारा एक लहानसा स्पीकर आहे, त्याचं बटण वाढवलं. रचना डी मेजरमध्ये, तेव्हा ए सारखाच येत होता. त्यातून एक पकडून तार लावली. बोटाने ओढली, उतरली. पुन्हा लावली. पुन्हा ओढली. तीन-चार वेळा झाल्यावर ती जरा शहाणी झाली. आता वाजवून बघायला हवं होतं, कारण नवी तार वाजवल्याशिवाय बसत नाही.

व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, बो उचलला आणि थांबलो.

पाचेक सेकंद तसाच उभा होतो. मग लक्षात आलं की मी कुणाचातरी बो सुटायची वाट बघतोय. खोलीत कुणीच नव्हतं.

हे मला अजून नीट सांगता येत नाही. भीती नव्हती, ऐकणारं कुणी नव्हतंच, दार बंद होतं. अकरा वर्षांत माझ्या हाताला एक सवय लागली होती: सुरुवात दुसऱ्याची, आपण तिच्यात शिरायचं. ती दुसऱ्याची सुरुवातच नाही म्हटल्यावर हात अडला. घरी रियाज करतो तेव्हा काय, असं कुणी विचारेल. घरी मी ऑर्केस्ट्रातले माझेच भाग घोटतो. तेव्हाही बाकीचे माझ्या डोक्यात वाजतच असतात.

शेवटी ए वर एक लांब बो ओढला, आणि त्यांच्या रेघेवर ओढला, घोडीपाशी. व्हायोलिनने जो आवाज काढला त्याने मीच दचकलो. मग विद्यार्थी असताना बसवलेल्या बाखच्या डी मायनर पार्तिताच्या पहिल्या ओळी आठवतील तशा वाजवल्या. १७२० च्या त्या हस्तलिखिताच्या शीर्षकातच बाखने 'बासच्या साथीशिवाय' असं लिहून ठेवलंय. साथ नाही म्हणून ती रचना रिकामी वाटते म्हणाल तर अजिबात नाही. एकच व्हायोलिन खालचा सूर लावतं, सोडून वर जातं, आणि तो खालचा सूर आपल्या कानात चालूच राहतो. मी तो नीट चालू ठेवू शकलो नाही. दोन जागा साफ चुकल्या. आणि त्या चुका माझ्या होत्या. गटात चुकलो तर ती चूक तेरा जणांच्या खाली जाऊन बसते, कधीकधी मलाही सापडत नाही. इथे दोन्ही भिंतीवर आपटून परत आल्या.

मी थांबलो तेव्हा स्पीकरमधून आमचा गट वाजत होता. पहिली व्हायोलिनं, माझ्याशिवाय.

मला हे आकडे माहीत होते. सारख्याच जोराने वाजणाऱ्या १४ व्हायोलिनांतून एक काढलं तर आवाज सुमारे ०.३ डेसिबलने कमी होतो, आणि एक डेसिबलच्या आतला फरक कानाला सहसा कळतच नाही. कागदावर मान्य केलेलं तिथे डबड्या स्पीकरमधून ऐकलं. काहीही कमी नव्हतं. उलट फार छान वाजत होते. चौदाही जण (बरं, तेरा) अगदी एका सुरात कधीच नसतात, केसाएवढे वरखाली असतात, आणि त्या केसाकेसाच्या फरकामुळेच गटाला ती रेशमी चमक येते. आत बसून ती मला कधी ऐकू आली नव्हती. आत बसल्यावर ऐकू येतो तो शेजारणीचा बो आणि पानाचा कागद. मी खुर्चीच्या हातावर टेकून ऐकत राहिलो, वाईट वाटायचं विसरून. मग कॅडेंझा सुरू झाली, एकल वादकाने एकट्याने वाजवायचा तुकडा, आणि मला जाग आली. कॅडेंझा म्हणजे मूव्हमेंट संपत आली.

मूव्हमेंटच्या मधल्या शांततेत मी व्हायोलिन पुढे पोचवलं. पाहुण्यांनी अंगठ्याने ए छेडली, खुंटी अर्धा केस पिळली आणि माझ्याकडे पाहिलं. कॉन्सर्टमास्टरांचं व्हायोलिन ठेवून घेणं शहाणपणाचं झालं असतं. त्यांनी स्वतःचं घेतलं. माझं मागे आलं. दुसऱ्या मूव्हमेंटला आम्हाला म्यूट (घोडीवर बसवायचा, आवाज मंद करणारा तुकडा) लावायचा असतो, तो लावला आणि पान उघडलं.

तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये पुन्हा कॅडेंझा येते. सगळा ऑर्केस्ट्रा बो मांडीवर ठेवून बसतो आणि तो माणूस एकटा. बेथोव्हेनने व्हायोलिनसाठी कॅडेंझा लिहून ठेवली नाही, ज्याने त्याने आपली किंवा आधीच्या कुणाची वाजवायची. एरवी मी या वेळी पुढचं पान हाताशी धरून नुसता बसतो. त्या दिवशी डोळे मिटले. माझी तार उतरत होती. तिसऱ्या-चौथ्या ओळीतच कळलं. आणि ते तिला सांभाळत होते. दाबलेल्या सुरांवर बोट किंचित वर सरकवून घेत होते, आणि मोकळी ए जिथे यावी असं मला वाटत होतं तिथे तोच सूर डी तारेवर दाबून काढत होते. रंग जरा गडद व्हायचा, बस. हॉलमधल्या कुणाला ते कळलं असेल असं वाटत नाही. लांब ट्रिल आला, दोन शेजारच्या सुरांतली भराभर अदलाबदल, आमचा इशारा तो. मी डोळे उघडले आणि कॉन्सर्टमास्टरांचा बो शोधला.

नंतर मागच्या बोळात पाहुणे स्वतः आले. "तार तुमची होती?"

"हो. उतरत होती."

"तुम्हाला कळलं?"

"मला कळलंच असतं."

ते हसले, हात मिळवला आणि गेले. तार परत मागायचं मला सुचलं नाही, द्यायचं त्यांना.

मी पेटी भरत होतो तेवढ्यात बाई आल्या. पहिल्या डेस्कवर जवळजवळ पंधरा मिनिटं त्या माझ्या व्हायोलिनवर वाजवत होत्या. "काय रे," म्हणाल्या, "किती वर्षं झोपवून ठेवलंयस याला? आधी बोलेचना. चांगलं रेटलं तेव्हा कुठे तोंड उघडलं." जाता जाता वळून म्हणाल्या, "पण उघडलं हं."

पुसायला फडकं काढलं आणि व्हायोलिन दिव्याखाली धरलं. फिंगरबोर्डच्या काठाशी माझी नेहमीची रेघ होती. घोडीपाशी दुसरी होती, ताजी, जाड, बाईंची. माझी पुसली आणि पेटी बंद केली.