मीठ कमी, मग चव कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे जेवून गेलेले पाहुणे असोत, नाहीतर घरात कुणाचं बीपी निघालं म्हणून फोन करणाऱ्या बहिणी-नणंदा, प्रश्न एकच असतो: एवढं कमी मीठ टाकता, तरी भाजी अळणी का लागत नाही? कोणता मसाला वापरता?

मसाला तोच, जो जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही घरात असतो. मी तो निगुतीनं भाजते आणि मीठ अगदी शेवटी टाकते. पण त्याआधी मिठाचा हिशेब मांडायला हवा, कारण खान्देशात मीठ भाजीपेक्षा भाजीच्या आजूबाजूला जास्त असतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मिठात साधारण ४० टक्के सोडिअम असतं. ते अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब चढतो. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सगळं त्या एका चमच्यात बसवायचं असतं. आता आपलं ताट बघा. कळण्याच्या भाकरीचं दळण गिरणीत जातं, तेव्हाच ज्वारी आणि सालीच्या उडदांबरोबर त्यात खडं मीठ पडलेलं असतं. ठेच्यात मीठ, लोणच्यात मीठ. बिबड्यांत, म्हणजे ज्वारीच्या पापडांत मीठ, शिवाय पापडखार, तोही सोडिअमचाच. शेवभाजीच्या शेवेत मीठ, आणि वर रश्शात आपण सवयीनं वेगळं टाकतो ते निराळंच.

माझ्या सासऱ्यांना, नानांना, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा मी भाजीला हात लावण्याआधी दळण बदललं. कळण्यात मीठ टाकणं बंद केलं आणि थोडे मेथीदाणे वाढवले. उडदाची चव मुळातच दमदार. गरम भाकरीवर लसणाची चटणी घेतली की मिठाची आठवण कुणी काढत नाही. भाकरीतलं मीठ पिठात विरून जातं, जिभेला त्यातलं थोडंच कळतं, पण पोटात सगळं जातं. म्हणून कापायचं तर आधी तिथंच कापावं.

आता भाजण्याचं. खान्देशी स्वयंपाकाची सगळी ताकद विस्तवात आहे असं माझं ठाम मत आहे. कांदा चिरून तेलात परतू नका. तो अख्खा, सालीसकट जाळीवर ठेवा, वरचे पापुद्रे काळे होऊ द्या, दाबल्यावर आत मऊ लागला पाहिजे. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून आचेवर फिरवा. तिच्या कडेला तेल सुटतं, बुडबुडे येतात आणि वाटी पेट घेते. एक क्षण जळू द्या, फुंकून विझवा, मग दुसरी बाजू. हा वास घरभर पसरला की समजावं, आज मीठ निम्मं पुरणार. लसणाची गड्डीही तशीच, सालीसकट. मग हे सगळं थोड्या पाण्यावर वाटायचं, पाट्यावर जमलं तर फारच छान.

असं का होतं? जिभेला खारट, आंबट, गोड, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. आपण ज्याला भाजीची चव म्हणतो, त्यातला मोठा भाग नाक ओळखतं. कांद्यातली साखर तांबूस होते, खोबऱ्याचं तेल तापतं, तेव्हा कच्च्या जिन्नसात नव्हते असे वास तयार होतात. घास भरलेला लागतो आणि मीठ कमी असल्याची जाणीव मागं पडते.

काळ्या मसाल्यालाही हाच न्याय. धणे मंद आचेवर, एकटे. लवंग, दालचिनी, मिरे, बाद्यान थेंबभर तेलात. तमालपत्र हाताला कुरकुरीत लागेपर्यंत. दगडफूल सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून नुसत्या तापल्या कढईत, कारण ते पटकन करपतं आणि करपलं की सगळा मसाला कडू होतो. वर्षभराचा मसाला एकदम करण्याची आपली रीत चांगली आहे, पण मीठ कमी करायचं असेल तर वासाला ताजेपणा हवा. म्हणून मी थोडा थोडा करते. विकतचा आणत असाल तर पुड्यामागचे घटक वाचा. कांदा-लसूण मसाल्यात टिकण्यासाठी मीठ घातलेलं असतं, आणि तो घालून वर पुन्हा भाजीचं मीठ टाकलं जातं.

बऱ्याच जणी मीठ कमी केलं की तिखट वाढवतात. माझा याला विरोध आहे. आपली नंदुरबारची मिरची काय सुरेख असते! पथाऱ्यांवर वाळत घातलेली असली की लाल शेतंच वाटतात. पण नुसतं तिखट जिभेला झोंबतं, जेवणारा पापड मागतो, शेव मागतो, आणि वाचवलेलं मीठ मागल्या दारानं ताटात येतं. तिखट आहे तेवढंच ठेवा आणि आंबट वाढवा. आंबटानं थोडकं मीठही ठळक लागतं. वरणात कैरीची फोड, पातोड्यांच्या रश्शात चिंचेचा कोळ, उसळीवर लिंबू. अंबाडीची भाजी तर जवळजवळ बिनमिठाची खाता येते, लसणाची चुरचुरीत फोडणी मात्र हवी. ताकाला भाजलेलं जिरं आणि पुदिना पुरे.

मीठ केव्हा टाकता, हेही महत्त्वाचं. शेवभाजीचा रस्सा मी मीठ न घालताच उकळते. शेव पडली की पाच मिनिटं थांबते, मग चाखते. पुष्कळदा काहीच लागत नाही. मात्र एका दिवसात सगळं निम्म्यावर आणू नका. घरचे रुसतील आणि तुम्ही सोडून द्याल. चिमूट-चिमूट कमी करत गेलं की काही आठवड्यांत जीभ सरावते, इतकी की मग बाहेरची भाजी खारट लागते.

सैंधव वापरलं तर चालेल का, हेही विचारतात. सैंधवही बहुतांश सोडिअम क्लोराइडच आहे, बीपीसाठी त्यात सूट नाही. बाजारात कमी सोडिअमचं मीठ मिळतं, त्यात सोडिअमच्या जागी पोटॅशिअम घातलेलं असतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नये, रक्तात पोटॅशिअम वाढणं हृदयाला धोक्याचं असतं. आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दिवसभर राबणारं माणूस घरात असेल, तर त्याच्या घामाचाही विचार करावा लागतो. नानांचं माप त्याला लावू नका.

सुरुवात कशापासून करू, असं विचाराल तर भरितापासून करा. हिवाळ्यात बामणोदची वांगी मिळाली तर उत्तम, ती मोठी, फिकट हिरवी आणि कमी बियांची. काटक्यांवर भाजा, गॅसवर भाजलीत तर तो धूर मिळणार नाही. साल काढून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचा. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून त्यातच ठेचा. कांद्याची पात भरपूर, अगदी वांग्याच्या बरोबरीनं वाटावी इतकी. कोथिंबीर देठांसकट. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तेलात तळून वरून घाला. मीठ फोडणी ओतल्यावर, चिमटीनं, आणि फार घोटू नका, ते वरवर राहिलं की कमी असूनही जिभेला लवकर लागतं. भाकरी बिनमिठाची असेल तर भरितात एखादी चिमूट जास्त पडली तरी चालेल.