पाण्याच्या रात्री अक्का पडली, त्यानंतर

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, आणि कधी कधी रात्री दोनला, तीनला येतं. सोलापूरच्या पूर्व भागात जे वाढले त्यांना हे सांगायची गरज नाही. नळ आधी फुसफुसतो, मग खाकरतो, मग पाणी येतं. तो फुसफुसण्याचा आवाज आला की झोपेतला माणूसही ताडकन उठून बसतो, घागरी-बादल्या सरकवतो, मोटारीचं बटण दाबतो.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अशाच एका रात्री माझी मोठी बहीण पडली. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो, म्हणून ती माझी अक्का. तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला नोकरीला, घरात एकटी. ती भरलेली कळशी उचलून मोरीतून स्वयंपाकघरात निघाली होती. शहाबादी फरशी ओली, पायात स्लीपर झिजलेली. पाय सटकला आणि ती डाव्या कुशीवर आदळली.

ही तीनची वेळ. लोकांना कळलं तेव्हा साडेसहा वाजले होते.

अख्खी गल्ली जागी होती, हे माझ्या मनातून जात नाही. प्रत्येक घरात दिवा लागलेला, प्रत्येकाच्या मोरीत कोणी ना कोणी उभं. अक्कानं हाका मारल्या, हाताशी आलेला तांब्या फरशीवर आपटला. पण वीस-पंचवीस मोटारी एकाच वेळी घरघरत होत्या. फोन फडताळावर चार्जिंगला होता, तिच्यापासून जेमतेम चार हातांवर. शेवटी दाराखालून पाणी रस्त्यावर वाहायला लागलं, तेव्हा समोरची बाई पाणी वाया चाललंय म्हणून ओरडायला आली आणि तिला अक्काचा आवाज ऐकू आला.

एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. मुका मार, थंडीनं काकडलेली, ओठ सुकलेले. मी डॉक्टरांना ती कशी पडली ते सगळं सांगत होतो. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "पडल्या ते कळलं हो. हाड शाबूत होतं, तर त्या उठल्या का नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अक्काकडे होतं. "येईना की. हात टेकला, पाय वळेना. कुशीवरून पालथंसुद्धा होता येईना."

जिनं चाळीस वर्षं जमिनीवर मांडी घालून विड्या वळल्या, तिचं हे बोलणं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, आणि दिवसाला हजार विड्या पुऱ्या केल्याशिवाय उठायचं नाही. पण विडीचं काम सुटलं तसं जमिनीवर बसणंही सुटलं. गुडघे दुखतात म्हणून मुलानं प्लास्टिकची खुर्ची आणली, मग पलंग आणला, मग कमोड बसवला. सगळं प्रेमानं केलेलं, त्यात चूक कोणाची नाही. पण आठ-दहा वर्षांत एकदाही जमिनीवरून उठायची वेळ आली नाही, आणि मांड्यांमधला तो जोर तिच्या नकळत ओसरला.

त्या रात्री घरी आल्यावर मी सतरंजी टाकली, उताणा झोपलो आणि उठायचा प्रयत्न केला. मी तेव्हा सहासष्टचा. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊन येणारा, स्वतःला तब्येतीनं चांगला समजणारा. मला पलंगाची कड धरल्याशिवाय उठता आलं नाही. जन्म शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात गेला, मशीनवर बसून बसून. पाय पेडलवर हलायचे, पण अंगाचा भार त्यांच्यावर कधी पडलाच नाही.

आमच्या गल्लीत फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आहे. आजोबांच्या वयाच्या आम्हा लोकांना तिनं जे शिकवलं, ते मी इथे नीट लिहून ठेवतोय, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक जण अजूनही "आम्ही रोज चालतो की" एवढ्यावरच समाधानी आहेत. चालणं चांगलंच आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल सांगते. पण त्याच संघटनेचं पासष्टच्या पुढच्यांसाठी आणखी एक सांगणं आहे: आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम करा. चालून श्वास सुधारतो, साखर आटोक्यात राहते, पण खालून वर उठायची ताकद वेगळी कमवावी लागते.

तिनं सगळ्यांना एक सोपी चाचणी दिली. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्यायची. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे आणि अर्ध्या मिनिटात पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, असं किती वेळा जमतं ते मोजायचं. पासष्ट ते एकोणसत्तरच्या पुरुषाचे बारापेक्षा कमी भरले, तर पडण्याचा धोका जास्त समजायचा. त्या वयाच्या बाईचे अकरापेक्षा कमी. माझे नऊ झाले.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही मारुतीच्या पारावर जमतो. आधी चौघं होतो, आता पंधरा-सोळा जण येतात. पाराला टेकून घरून आणलेल्या खुर्च्या. खुर्चीतून उठ-बस, टाचा वर करणं, खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहणं, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावत सरळ रेषेत चालणं. आणि शेवटी सतरंजीवर झोपून उठणं.

मोजणी पाळीपाळीनं होते. माझी पाळी असली की तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु, ऐदु. शेजारचे अण्णा कन्नडमध्ये मोजतात: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. पाचावर आम्ही दोघं एकाच शब्दाशी येऊन पोचतो आणि तिथे सगळ्यांचाच आवाज चढतो. चाचा उर्दूत मोजतात, मास्तर मराठीत. चाचांनी पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढली, त्या खडखडाटानं कान गेले. मधली काही वर्षं त्यांनी लोकांत बसणंच सोडलं होतं. दहा जण बोलत असताना आपल्याला काहीच कळत नाही, याची लाज वाटायची त्यांना. पारावर बोलावं लागत नाही, पुढच्याचे हात बघून करायचं असतं. आता ते सगळ्यांच्या आधी येऊन पार झाडतात, आणि गेल्या वर्षी मुलाच्या मागे लागून कानाचं मशीनही घेतलं.

जमिनीवरून उठायची पद्धत शब्दांत सांगायची तर अशी. पडल्यावर लगेच धडपडू नका. दोन-चार श्वास घ्या, कुठे दुखतंय ते बघा. कंबरेत, खुब्यात जोराची कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला वाटत असेल, डोक्याला मार असेल, तर हलायचं नाही. माणूस बोलवायचं, १०८ ला फोन करायचा. तसं काही नसेल तर आधी कुशीवर व्हा. मग कोपर टेकून पालथं, मग हात-गुडघ्यांवर. रांगत पलंग, खुर्ची, ओटा, जे घट्ट असेल त्याच्याशी जा. त्यावर दोन्ही हात ठेवा, ज्यात जास्त जोर आहे तो पाय पुढे घेऊन पाऊल टेका आणि हातापायांनी एकदम रेटून वर या. उठल्यावर लगेच चालू नका, तिथेच बसा. आणि उठता आलंच नाही तर अंगावर काहीतरी ओढून घ्या, हातपाय हलवत राहा. तासाच्या वर एका अंगावर पडून राहिलं की स्नायू दबतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि मूत्रपिंडांवरही ताण येऊ शकतो.

हे पडल्यावर पहिल्यांदा करून बघायचं नसतं. आधी कोणाला तरी शेजारी उभं करून दहा वेळा केलेलं असावं. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

बायकांना पारावर आणणं जमलं नाही. पुरुषांसमोर लुगड्यात रांगायचं कसं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी दोन-तीनदा आग्रह केला, ते चुकलंच. मग अक्काच म्हणाली, माझ्या खोलीत या. आता मंगळवार, गुरुवार, शनिवारी दुपारी तिच्याकडे नऊ जणी जमतात, बहुतेक विडीवाल्याच. दार आतून लावलेलं असतं आणि बाहेर फक्त हसणं ऐकू येतं. अक्काला आधाराशिवाय पालथं व्हायला दोन महिने लागले, खुर्ची धरून उठायला आठ. गेल्या नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ बघायला ती बाकीच्यांबरोबर रस्त्याच्या कडेला खाली बसली होती. रथ आला तशी मागच्या पायरीवर हात टेकून उठली. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "वद्दू तम्मुडू." नको रे, धाकट्या.

खाण्याचं थोडक्यात लिहितो. दात पडल्यापासून अक्का चहा-खारी आणि भातावर आली होती. नुसत्या व्यायामानं स्नायू येत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात. म्हातारपणी रोज वजनाच्या किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम धरायची. अक्काचं वजन बावन्न किलो. मग आम्ही बाहेरचे डबे आणले नाहीत, घरातलंच वाढवलं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी कडक भाकरी घट्ट आमटीत चुरून, एक अंडं, संध्याकाळी वाटीभर दही. शेंगदाण्यांत शंभराला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि शेंगाचटणी तर आमच्याकडे ताटात असतेच. फक्त दुकानातल्या चटणीत मीठ जास्त वाटतं, म्हणून बीपीवाल्यांनी घरी कमी मिठाची कुटावी. उन्हाळ्यात, पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा, पार सकाळी सहाला भरतो आणि प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली असते. म्हातारपणी तहान उशिरा कळते, म्हणून तहानेची वाट न बघता प्यायचं. हृदयाचं, किडनीचं दुखणं असणाऱ्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं.

आता पाण्याच्या रात्रीचं. मला वाटतं, आम्ही जे काही केलं त्यातलं सगळ्यांत मोलाचं हेच.

गल्लीत एकटी राहणारी अकरा वयस्क माणसं निघाली. मोजेपर्यंत आम्हालाही माहीत नव्हतं. प्रत्येकाची एका जागत्या घराशी जोडी लावली. नळ फुसफुसला की एकट्या माणसानं जोडीदाराला मिस्ड कॉल द्यायचा, पाणी भरून झालं की दुसरा. तासाभरात दुसरा आला नाही तर जोडीदारानं जाऊन दार उघडायचं, त्यासाठी एक किल्ली त्याच्याकडे ठेवलेली. गळ्यात शिट्टी, कारण मोटारींच्या घरघरीत हाक पोचत नाही पण शिट्टी पोचते. कळशी उचलून न्यायची नाही, नळाला रबरी पाइप लावून पिंपातच पाणी सोडायचं. मोरीच्या तोंडाशी गोणपाट, पायात नव्या तळव्याची चप्पल, दिवा आधी लावायचा. जे उचलावंच लागतं ते गल्लीतली कॉलेजची मुलं उचलतात.

आणि ताडकन उठायचं नाही. बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, एक-दोन मिनिटांनी उभं राहायचं. जन्मभराची सवय मोडायला वेळ लागतो. नळाचा आवाज कानात शिरला की अंग आपोआप उठतं. पण पाणी दोन मिनिटांत पळून जात नाही, हे आम्ही एकमेकांना सांगत राहतो.

या तीन वर्षांत शिट्टी दोनदा वाजली. एकदा चक्कर येऊन आजी मोरीत बसल्या होत्या, एकदा चाचांचा पाय मुरगळला. दोन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत माणूस पोचलं. प्रत्येकाच्या घरी फोनजवळच्या भिंतीवर जोडीदाराचा नंबर, १०८ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ मोठ्या आकड्यांत लिहिलेले आहेत. फोन आता फडताळावर ठेवत नाही, पलंगाजवळ बसल्या हाताला येईल असा ठेवतो.

एक घर राहिलं होतं. कोपऱ्यावरच्या माडीवर एक काका एकटे राहतात, ऐंशीचे, जिना अरुंद. दोन वर्षं ते किल्ली द्यायला तयार नव्हते. घरात दुसऱ्याची किल्ली फिरणं त्यांना पटत नव्हतं आणि मी ते समजू शकतो. गेल्या पाण्याला चाचांनी त्यांच्या घागरी माडीवर पोचवल्या आणि तिथेच तासभर बसले. काल काकांनी स्वतःहून निरोप धाडला की किल्लीची नक्कल करून ठेवलीय, चाचांनाच पाठवा, दुसऱ्या कोणाला नको. परवा पाणी आहे. त्याआधी चाचा जाऊन घेऊन येतील.