डायलिसिस, रेशनकार्ड आणि तेरावं स्तोत्र : माझा अनुभव

तहसीलच्या पुरवठा शाखेतल्या त्या खिडकीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, मानेत नळी टाकून डायलिसिस सुरू झालं, घरात कमावणारी मी एकटी उरले. हे सगळं सोसलं. पण एका नावापायी आम्हाला जे ताटकळत ठेवलं, त्याने मी खरी खचले. आपल्या ख्रिस्ती घरांमध्ये कुणी अशाच दुखण्यातून जात असेल, तर त्यांना कागदांचंही सांगायचंय आणि धीर कुठून आला तेही. माझ्या बाबतीत दोन्ही त्या ऑफिसातल्या बाकावरच झालं.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पूर्वी दीड लाख होतं. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. रेशनकार्डावर मिस्टरांचं घरचं, हाक मारायचं नाव. आधारवर बाप्तिस्म्याचं. आपल्या नगर जिल्ह्यात हे घरोघरी आहे. आजीने ठेवलेलं एक आणि पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, दिलेलं एक. आरोग्यमित्र मुलगी भली होती. म्हणाली, "ताई, मला कळतंय हो, पण सिस्टीम घेत नाही. कार्डावर नाव दुरुस्त करून आणा." तोवर बिल रोखीने. माझ्या पाटल्या त्यातच मोडल्या.

सेतूत अर्ज दिला, पावती घेतली आणि खिडकीवर गेले. तिथला माणूस म्हणाला, "गॅझेट आणा", म्हणजे नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद. मी म्हटलं, साहेब, नाव बदललंच नाही, तर गॅझेट कशाचं? दोन्ही नावं जन्मापासूनची आहेत. "मग पुरावा आणा." पाळकसाहेबांनी मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, जुनं रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेलं, शाई तपकिरी पडलेली. त्यात एका ओळीत सगळं होतं : मुलाचं घरचं नाव, बाप्तिस्म्याचं नाव, आईबाप, गाव, साक्षीदार म्हणून माझ्या आजेसासऱ्यांचा अंगठा. एवढा सरळ पुरावा दुसरा कुठला असणार! त्याचा उतारा सहीशिक्क्यानिशी नेला. खिडकीतल्या माणसाने वाचलाही नाही. "चर्चचा कागद चालत नाही." कुठल्या नियमाने चालत नाही, ते सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तो आणला, तर साहेब मीटिंगला. मग सर्व्हर बंद. मग कार्डाचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसत नाही म्हणून रेशन दुकानात परत पाठवलं. दुकानदार म्हणाला, हे काम तहसीलचंच. मिस्टर तिकडे मशीनला लावलेले, दहावीतला मुलगा त्यांच्यापाशी बसलेला आणि मी इकडे बाकावर. खिडकीतला माणूस समोर चहा पीत होता आणि मान वर करत नव्हता. एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

त्या बाकावर मी मोबाइलवर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागले. आधी सगळ्यांसारखं तेविसावं स्तोत्र काढलं, पण खरं सांगते, त्या दिवसांत ते माझ्याच्याने वाचवेना. त्यातली हिरवी कुरणं डोळ्यांपुढे येईचनात. तेरावं उघडलं. अवघी सहा वचनं. त्यातल्या पहिल्या दोनांतच दावीद देवाला चारदा विचारतो की कुठवर? मला विसरलास का, तोंड लपवतोस का, कुठवर? मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. देवाला असं बोलायची मुभा शास्त्रातच आहे, हे लहानपणापासून उपासनेला जाऊनही माझ्या मनात कधी उतरलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच आहे, आणि तरी ते प्रार्थना म्हणून ठेवलंय. मग लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा सापडली. अन्यायी न्यायाधीशाच्या दारी ती येतच राहते, शेवटी तो त्रासून न्याय देतो. येशूने हा दाखला कधीही खचून न जाता प्रार्थना करावी म्हणून सांगितला. मला त्यातून खिडकीवर परत जायचं बळही मिळालं. प्रभूने अशा बाईची गोष्ट सांगितली, म्हणजे खेटे घालणाऱ्या बायका त्याने पाहिल्या होत्या. या एका विचाराने मला जो आधार दिला, तो नुसत्या "सगळं ठीक होईल"ने दिला नव्हता.

मार्ग निघाला तो मंडळीतल्या निवृत्त गुरुजींमुळे. भगिनी मंडळाच्या प्रार्थनेत मी सगळं मोकळेपणी बोलले. एरवी आपण "मिस्टरांसाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणतो. त्या दिवशी मी म्हटलं, मला तहसीलला सोबत येणारं माणूस पाहिजे. गुरुजी दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी अर्ज नव्याने लिहिला, त्यात ठरल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देणाऱ्या लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा उल्लेख केला आणि शेवटी लिहिलं, अर्ज नाकारत असाल तर कारण लेखी द्यावं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतला. खिडकीपाशी न थांबता थेट नायब तहसीलदारांकडे नेलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला आणि तोच चर्चचा उतारा. साहेबांनी उतारा वाचला, मान हलवली, सही केली. जो कागद चालत नव्हता तो चालला! बाहेर आल्यावर मी रडले, आणि गुरुजींनी तिथेच, मोटारसायकली लावतात त्या जागेत, उभ्या उभ्या प्रार्थना केली. योजनेची मंजुरी त्यानंतर काही अडली नाही.

मध्येच आठवलं म्हणून सांगते. भेटायला येणारी मंडळी प्रेमाने नारळपाणी, केळी, मोसंबी आणतात. डायलिसिसच्या माणसाला ते चालत नाही, पोटॅशियम वाढतं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. मी दारावरच नम्रपणे सांगायला लागले. काही आणू नका, अर्धा तास बसा, म्हणजे मी आंघोळ उरकते. पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, दिलं, तेव्हा प्याल्यातला घोटही मिस्टरांनी पाण्याच्या हिशेबात धरला. मला ते फार भावलं.

आणि चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने दुखणं बरं करण्याच्या, नावाने येणाऱ्यांपासून जपा. एकाने आमच्या घरात बसून सांगितलं की विश्वास असेल तर मशीन सोडा. मी त्यांना उठायला सांगितलं. डायलिसिस सोडलं तर माणूस जातो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारी सोडलं. पौलाचा विश्वास कमी होता का? याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावं असं आहे. आमच्या मंडळीचे वडील आले, तेल लावून प्रार्थना केली आणि दुपारी तेच मिस्टरांना डायलिसिसला घेऊन गेले. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्रही सात दिवस न बोलता नुसते त्याच्यापाशी जमिनीवर बसून होते, तोवर बरे होते.

संध्याकाळी मुलगा टाळ घेऊन रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीची पदं म्हणतो. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण देवाशी बोलायची आपली मराठी रीत सोडली नाही, म्हणून ती पदं थकलेल्या माणसालाही म्हणता येतात. मिस्टर पडल्या पडल्या ठेका धरतात. हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली शीर, केलाय, त्या हाताने नाही, दुसऱ्या.

एक महत्त्वाचं राहिलंच. रुग्ण तातडीचा असेल तर फोनवरून कळवून आधी दाखल करता येतं, कागद नंतर दिले तरी चालतात. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८. आणि घरात कुणाची दोन नावं असतील तर सगळे धडधाकट आहेत तोवरच रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून बघा, फरक दिसला तर मंडळीच्या रजिस्टरमधला उतारा आताच मागून घ्या.