विहिरीचा दगड आणि पुढचा महाखंड

बेळगावजवळच्या आमच्या शेतातल्या विहिरीचा काळा, बारीक छिद्रांचा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस असलेला हा भूभाग अजूनही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. आपण सीमेच्या रेषेवरून भांडतो, ती रेषाही त्याच्यासोबत निघाली आहे!

खंड असेच सरकत राहून, कधीकाळी सगळे खंड एकत्र असलेल्या पँजियासारखा महाखंड येत्या २० ते २५ कोटी वर्षांत पुन्हा जुळेल, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. मात्र अटलांटिक मिटेल की पॅसिफिक, यावर मतभेद आहेत. मला पॅसिफिकचा पक्ष पटतो, कारण त्याच्या काठांवर सागरतळ खंडांखाली खचत आहे, तर अटलांटिक मधल्या पर्वतरांगेपाशी नवा तळ तयार होऊन अद्याप रुंदावतोच आहे.